जमीन : एकट्याची की सर्वांची?

जमीन एकेका कुटुंबाच्या मालकीची असावी की सर्वांनी मिळून ती धारण करावी, हा वाद आपल्याकडे पुष्कळदा पुस्तकी समजला जातो. रशियात काय झाले, चीनमध्ये काय झाले, येथून तो सुरू होतो आणि तेथेच संपतो. ज्यांच्या पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्याच्या बांधावर राबण्यात गेल्या त्यांच्या लेखी मात्र हा पोटाचा प्रश्न आहे, आणि त्याचा इतिहास शोधण्यासाठी तळा गावाहून फार लांब जाण्याचे कारण नाही. महाड, चरी आणि गागोदे ही तिन्ही नावे आपल्याच जिल्ह्यातली आहेत. ह्या तीन ठिकाणांचा धागा धरून आणि मध्ये एकदा समुद्र ओलांडून आम्ही हा विषय मांडणार आहो. आमचे म्हणणे थोडक्यात असे : मालकी खाजगी असावी की सामुदायिक, हा दुसरा प्रश्न होय. ज्याला समुदाय म्हणावयाचे त्यात कोणाची गणना होते, हा पहिला प्रश्न होय. पहिल्याचे उत्तर चुकले की दुसऱ्याचे कोणतेही उत्तर शेवटच्या माणसाच्या उपयोगी पडत नाही.

प्रथम वतनाचे पाहू. महार वतन ही काय वस्तू होती? गावची आणि सरकारची चाकरी करणाऱ्या महारांना थोडी जमीन व रयतेकडून बलुते मिळे. त्याच्या मोबदल्यात निरोप नेणे, सरकारी सामान पोचविणे, सारावसुलीच्या वेळी माणसे बोलावून आणणे अशी कामे रात्री-अपरात्री करावी लागत. ही जमीन एकट्या माणसाची नव्हती. गावातल्या वतनदार महारांची ती मिळून होती. म्हणजे सामुदायिक मालकीचा एक नमुना आपल्या गावगाड्यात पूर्वीपासून होता असे कोणी म्हटले तर ते अगदीच खोटे नाही. पण जमीन जशी साऱ्यांची तशी चाकरीही साऱ्या घराची. बाप घरी नसेल तर मुलाने जावे. घरे वाढत गेली, वाटे होत गेले, आणि एकेकाच्या वाट्याला येणारे उत्पन्न नावापुरते उरले. चाकरी मात्र पूर्ण राहिली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात १८७४ च्या वतन कायद्याला दुरुस्ती सुचविणारे विधेयक आणले ते ह्याच कारणासाठी. पूर्ण सारा घ्या, पण जमीन चाकरीतून मोकळी करा, असा त्याचा रोख होता. त्या विधेयकाचा कायदा झाला नाही. वतने गेली ती १९५८ च्या कायद्याने. साऱ्याच्या तिप्पट रक्कम भरून त्या जमिनी पूर्वीच्या वतनदारांना नव्या शर्तीने परत देण्याची त्यात तरतूद होती, आणि कलेक्टरच्या परवानगीवाचून त्या विकू नयेत असे बंधनही होते. वतनाचा धडा असा की, जमीन सामुदायिक असूनही तिच्यावर हुकूम दुसऱ्याचा चालत असेल तर ती मालकी नव्हे, ती वेठ आहे.

दुसरा धडा महाडचा. २० मार्च १९२७ रोजी चवदार तळ्यावर जे घडले ते सर्वांना ठाऊक आहे. परंतु तो सत्याग्रह पुढे मालकीच्या खटल्यात गेला, इकडे आपले लक्ष कमी जाते. रावबहादूर सी. के. बोले यांच्या १९२३ च्या ठरावाने सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचे मुंबई कायदेमंडळाने मान्य केले होते, व महाडच्या नगरपालिकेनेही त्याला अनुसरून ठराव केला होता. सत्याग्रहानंतर नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. मग डिसेंबर १९२७ मध्ये काही सवर्ण मंडळी दिवाणी कोर्टात गेली. त्यांचे म्हणणे काय? तर हे तळे सार्वजनिक नव्हेच, ते स्पृश्यांच्या मालकीचे आहे आणि इतरांना दूर ठेवण्याची पूर्वापार वहिवाट आहे. म्हणजे आदल्या वर्षापर्यंत जे गावाचे होते ते अस्पृश्यांची ओंजळ लागताच खाजगी ठरू लागले! हा खटला नऊ वर्षांहून अधिक काळ चालला. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई हायकोर्टाने वादींचे अपील फेटाळले. ह्याच महाडात डिसेंबर १९२७ च्या परिषदेसाठी मंडप घालावयास जागा मिळेना, तेव्हा फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थाने आपली खाजगी जागा दिली. गावाची म्हणविणारी वस्तू बंद आणि एका माणसाची खाजगी जागा खुली, असा हा प्रकार. तेव्हा ‘सामुदायिक’ ह्या शब्दाने भारावून जाण्याचे कारण नाही, आणि ‘खाजगी’ ह्या शब्दाने बिचकण्याचेही कारण नाही.

आता चरीकडे वळू. कुलाबा जिल्ह्यात खोताचे राज्य होते. सरकारचा सारा गोळा करून भरणारा हा मध्यस्थ. पण कुळाकडून तो साऱ्याच्या कितीतरी पट माल घेई, वर वेठबिगार करून घेई. अर्धेलीने कसणाऱ्याच्या खळ्यावरून निम्मे भात निघून जात असे. नारायण नागू पाटील यांनी ह्या कुळांची संघटना बांधली. २७ ऑक्टोबर १९३३ रोजी अलिबाग तालुक्यातील चरी येथे सभा झाली व संप पुकारला गेला. पंचवीस गावांच्या कुळांनी खोतांच्या जमिनी कसण्याचे नाकारले, आणि हा संप सहा वर्षे, १९३९ पर्यंत चालला. कामगाराचा संप म्हणजे गिरणीचे फाटक बंद. शेतकऱ्याचा संप म्हणजे स्वतःच्याच चुलीवरचे भांडे रिकामे. लोकांनी रानातली लाकडे विकून, मासळी धरून, मिळेल ती मजुरी करून दिवस काढले, पण नांगर धरला नाही. डिसेंबर १९३४ मध्ये चरीच्या शेतकरी परिषदेला बाबासाहेब आले. पुढे स्वतंत्र मजूर पक्षाच्या वतीने त्यांनी १७ सप्टेंबर १९३७ रोजी खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले, व जानेवारी १९३८ मध्ये हजारो शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईच्या कौन्सिल हॉलवर गेला. त्या विधेयकातील मागणी साधी होती : खोताला वाजवी भरपाई द्यावी आणि प्रत्यक्ष कसणाऱ्याला खातेदार करावे. म्हणजे ती कुटुंबाच्या मालकीचीच मागणी होती.

ती मागणी स्वराज्यात पुरी झाली. १९४८ चा कूळकायदा आला, खोती रद्द करणारा कायदा आला, आणि १ एप्रिल १९५७ ह्या दिवसापासून कूळ जमिनीचा मालक समजला जाऊ लागला. हे फार मोठे काम झाले, आणि चरीच्या संपाचा त्यात वाटा आहे. परंतु मालक कोण झाला? ज्याचे नाव कूळ म्हणून दप्तरात लागले होते तो. जो कुळाच्याही हाताखाली रोजाने राबत होता, तो महार आणि तो कातकरी, त्याचे नाव कोठेच नव्हते. कसणाऱ्याची जमीन ह्या घोषणेत नांगर धरणारा आला, पण चिखलणीत आणि लावणीत पाठ मोडून घेणारी बाई आली नाही. दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली १९५९ मध्ये, आणि त्याहून मोठ्या प्रमाणावर ६ डिसेंबर १९६४ पासून, भूमिहीनांचे सत्याग्रह झाले. लक्षावधी माणसे तुरुंगात गेली. मागणी पडीक व गायरान सरकारी जमिनींची होती. कूळकायद्याने जे उरले होते त्याचाच हा हिशेब होता.

येथे एक शंका येते. १९३७ मध्ये खातेदारी मागणाऱ्या बाबासाहेबांनी दहाच वर्षांनी, मार्च १९४७ मध्ये, ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’ ह्या निवेदनात सर्व शेतजमीन सरकारी मालकीची करावी असे कसे मांडले? त्या योजनेत सरकारने भरपाई देऊन जमीन ताब्यात घ्यावयाची, तिचे ठराविक आकाराचे मळे पाडावयाचे, ते जात-धर्म न पाहता गावातील कुटुंबांच्या गटांना कसावयास द्यावयाचे, आणि पाणी, बैल, अवजारे, बी-बियाणे सरकारने पुरवावयाचे, अशी तपशीलवार आखणी होती. त्यात जमीनदार राहणार नव्हता, कूळ राहणार नव्हते आणि भूमिहीन मजूरही राहणार नव्हता. ह्यात विसंगती आहे काय? आम्हांला तसे वाटत नाही. ज्याच्या कब्जात जमीन आहे त्याला खातेदारी पुरते. ज्याच्या कब्जात काहीच नाही त्याला कूळकायदा काय देणार? तुकडेजोड आणि कुळांचे संरक्षण ह्यांनी सहा कोटी अस्पृश्यांचे भले होणार नाही, कारण ते नुसते भूमिहीन मजूर आहेत, हे त्या निवेदनात स्वच्छ सांगितले आहे. आणखी एक गोष्ट. ही योजना बाबासाहेबांना घटनेतच घालावयाची होती. आज एका बहुमताने द्यावे आणि उद्या दुसऱ्या बहुमताने काढून घ्यावे, असे त्यांना नको होते. गावच्या पंचांच्या सदिच्छेवर त्यांची भिस्त नव्हती. महाडचे तळे त्यांनी पाहिले होते. त्यांना समुदाय हवा होता, पण ज्याची यादी गावाने नव्हे तर कायद्याने केली आहे असा.

युनियनच्या कामात हीच गोष्ट आम्ही रोज पाहतो. कारखाना सरकारी असो की शेटजीचा असो, ज्याचे नाव मस्टरवर नाही तो कंत्राटी कामगार दोन्ही ठिकाणी परकाच. आणि कामगारांची एकी म्हणावी तर मुंबईच्या गिरण्यांत विणकामाचे खाते अस्पृश्यांना बंद होते, कारण धोट्यातला दोरा तोंडाने ओढावा लागे. १९२८ च्या संपात ही बंदी उठविण्याची मागणी बाबासाहेबांना आग्रहाने पुढे करावी लागली. एकीच्या पोटातही कुंपण असू शकते, ते असे.

आता समुद्र ओलांडू. मांदाडच्या खाडीने खाली गेले की राजपुरी आणि जंजिरा. तेथील सिद्दी मूळचे आफ्रिकेचे, आणि १९४८ मध्ये संस्थान विलीन होईपर्यंत त्यांचे घराणे तेथे राज्य करीत होते. त्याच आफ्रिकेतून अमेरिकेत नेलेली माणसे मात्र विकत घेण्याची वस्तू झाली. रंग एकच; एका किनाऱ्यावर जमिनीचा धनी आणि दुसऱ्या किनाऱ्यावर जमिनीबरोबर विकला जाणारा. अमेरिकेत यादवी युद्धाच्या शेवटी, जानेवारी १८६५ मध्ये, सेनापती शेरमन याने दक्षिणेच्या समुद्रकाठची जप्त जमीन मुक्त झालेल्या गुलामांना कुटुंबामागे चाळीस एकरांपर्यंत वाटून देण्याचा हुकूम काढला. सुमारे चाळीस हजार माणसे त्या जमिनींवर वसली. त्याच वर्षी अध्यक्ष जॉन्सन याने बहुतेक जमिनी जुन्या मळेवाल्यांना परत देवविल्या. बहुमत फिरले की दिलेले कसे जाते, ह्याचे हे उदाहरण.

त्यानंतर त्या समाजात दोन मते झाली. बुकर टी. वॉशिंग्टन यांचे म्हणणे, हातात कसब घ्या, जमीन घ्या, दुकान काढा; मालमत्ता झाली की मान आपोआप मिळेल. १९०० साली त्यांनी कृष्णवर्णीय व्यापाऱ्यांची राष्ट्रीय संघटना काढली. डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांचे म्हणणे, चार शेटजी निर्माण झाल्याने लाखो मजुरांचे दैन्य हटत नाही; आपसांत सहकाराचे जाळे विणा. १९०७ मध्ये त्यांनी कृष्णवर्णीयांच्या सहकारी प्रयत्नांचा अभ्यास प्रसिद्ध केला आणि १९४० मध्ये तीच गोष्ट अधिक जोराने मांडली. ह्याच ड्यू बॉइस यांना १९४६ मध्ये बाबासाहेबांनी पत्र लिहून दोन्ही समाजांच्या स्थितीतील साम्य कळविले होते, हे येथे ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

खाजगी मालकीचा मार्ग तिकडे कोठे पोचला? १९२० मध्ये अमेरिकेत सुमारे सव्वानऊ लाख कृष्णवर्णीय शेतकरी होते. आज ते पन्नास हजारांहूनही कमी आहेत. कर्ज न मिळणे, दहशत, शहराकडे स्थलांतर ही कारणे आहेतच. पण एक कारण आपल्या कोकणाला फार जवळचे आहे. मृत्युपत्र न करता माणूस मरे, जमीन साऱ्या वारसांची सामाईक होई, वारस दूरच्या शहरांत पांगत. मग कोणी सट्टेबाज एका वारसाचा हिस्सा स्वस्तात घेई आणि कोर्टात जाऊन साऱ्या जमिनीचा लिलाव करवी. आपल्या सातबारावरची नावांची रांग पाहा. काका मुंबईत, चुलतभाऊ सुरतेत, आत्याची मुले पुण्यात. त्यातला एकजण आपला अविभक्त हिस्सा दलालाला देतो आणि घेणारा वाटपाचा दावा लावतो. खाचर एकाकडे, राबासाठीचे वरकस दुसऱ्याकडे, आणि वाट तिसऱ्याच्या बांधावरून. ही जमीन सामाईक आहे, पण तिला ना सभा, ना नियम, ना कारभारी. अशी नुसती सामाईक जमीन सर्वांत दुबळी.

सामुदायिक मार्गाचे काय झाले? आणि येथेच आपल्या जिल्ह्याचे तिसरे नाव येते. पेण तालुक्यातील गागोदे येथे ११ सप्टेंबर १८९५ रोजी विनोबा भावे जन्मले. १८ एप्रिल १९५१ रोजी तेलंगणात पोचमपल्लीला हरिजनांनी जमीन मागितली, एका जमीनदाराने दिली, आणि भूदान सुरू झाले. त्यातून ग्रामदान निघाले : मालकी ग्रामसभेची, कसण्याचा हक्क कुटुंबाचा, वारसांना चालणारा, पण बाहेर विकता न येणारा. भूदानात मिळालेली पुष्कळ जमीन नापीक वा तंट्याची निघाली, हे खरे आहे. पण ग्रामदानाचा विचार मात्र साता समुद्रांपलीकडे गेला. जॉर्जिया प्रांतात १९६९ मध्ये कृष्णवर्णीय कार्यकर्त्यांनी ‘न्यू कम्युनिटीज’ ही संस्था काढून सुमारे पाच हजार सातशे एकर जमीन सर्वांच्या नावे घेतली, तेव्हा त्या आखणीमागे इस्रायलच्या सहकारी वसाहतींबरोबर विनोबांच्या ग्रामदानाचाही आदर्श होता. त्या संस्थेवर पुढे दुष्काळ आला. सरकारी शेतीकर्ज गोऱ्या शेतकऱ्यांना मिळे. हिला मिळावयास विलंब आणि नकार. १९८५ मध्ये जमीन कर्जापायी गेली. भेदभावाबद्दल भरपाई मिळाली ती २००९ मध्ये, सुमारे एक कोटी वीस लाख डॉलर; त्यातून त्यांनी एक जुना मळा विकत घेऊन पुन्हा सुरुवात केली. समुदाय एकदिल होता, नियम चांगले होते, तरी कर्जाची किल्ली दुसऱ्याच्या हाती होती. जमीन सामुदायिक आणि पत सावकाराची, हा संसार टिकत नाही.

आपल्याकडेही यशाची उदाहरणे आहेत. गडचिरोलीतील मेंढा (लेखा) ह्या गोंडांच्या गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला, ग्रामसभा आपला बांबू आपण विकू लागली, आणि २०१३ मध्ये तेथील खातेदारांनी शेतजमीनही ग्रामसभेच्या नावे करण्याचे ठरविले. तेथे निर्णय सर्वांच्या संमतीने होतात, आणि सभेच्या गणतीबाहेर कोणी नाही. पंजाबात पंचायतीच्या शेतजमिनीचा तिसरा हिस्सा लिलावात दलितांसाठी राखीव असतो. पूर्वी धनिक शेतकरी एखाद्या दलिताला पुढे करून तो स्वतःच घेत. संगरूर जिल्ह्यात २०१४ च्या सुमारास दलित मजुरांनी एकत्र येऊन बोली लावली व ती जमीन मिळून कसावयास घेतली. गाव तेच, कायदा तोच. फरक एवढाच की यादीतली नावे एकत्र उभी राहिली.

आणि २००६ च्या वनहक्क कायद्याकडे पाहिले तर ह्या जुन्या वादाची सोडवणूक त्यात बरीचशी झालेली दिसते. कसती जमीन कुटुंबाला, चार हेक्टरांच्या मर्यादेत, नवराबायको दोघांच्या नावे. ती वारसांना जाते पण विकता येत नाही. त्याबरोबर जंगलावर साऱ्या गावाचा सामूहिक हक्क. एकट्याचे आणि सर्वांचे असे दोन्ही हक्क एकाच कायद्यात शेजारी बसले आहेत. आपल्या जिल्ह्यातील कातकरी वाड्यांसाठी ह्याहून मोलाचे हत्यार आज दुसरे नाही.

ही चर्चा आज करण्याचे कारण सांगितले पाहिजे. दिघी बंदराच्या औद्योगिक क्षेत्राला केंद्र सरकारने ऑगस्ट २०२४ मध्ये मंजुरी दिली आहे. रस्ता, रेल्वे, बंदर ह्यांच्या वाटेवर जमिनीचे भाव चढतात. कारखाने येऊ नयेत असे आम्ही म्हणणार नाही. हाताला काम हवे हे आम्हांला कोणी शिकवावयास नको. पण जमीन जाताना मोबदला कोणाला मिळतो? ज्याचे नाव उताऱ्यावर आहे त्याला. वतनाच्या जमिनीचा तंटा पडून असेल, वाडीखालची जागा दुसऱ्याच्या नावे असेल, गुरचरणीवर चाळीस वर्षे नाचणी पिकवणाऱ्याची नोंदच नसेल, तर १ एप्रिल १९५७ ला जे झाले तेच पुन्हा होईल.

म्हणून आमचे मत आम्ही स्पष्ट सांगतो. भूमिहीनाला जमीन मिळावी ती त्याच्या कुटुंबाने कसावी, पण एकट्याने विकता येऊ नये. मालकी संघटित सभेची असावी, आणि त्या सभेच्या यादीत प्रत्येक प्रौढ स्त्रीपुरुषाचे नाव स्वतंत्र असावे. ज्याने काम केले त्याची हजेरी लागावी. ज्याला सोडून जावयाचे असेल त्याला त्याच्या श्रमाची किंमत देऊन मोकळे करावे, नाहीतर नवे वतन तयार होईल. आणि कर्ज सार्वजनिक बँकेचे असावे. ह्यातले एकही कलम गाळले तर काय होते, हे महाड, चरी आणि जॉर्जिया येथे दिसून आले आहे.

१ मे रोजी गावोगाव ग्रामसभा भरतात. त्या दिवशी आपल्या गावच्या गुरचरणीचे, वतनाच्या जमिनींचे आणि वाड्यांखालच्या जागांचे उतारे मागवून ते सभेत मोठ्याने वाचून घ्यावेत. कोणाचे नाव आहे आणि कोणाचे नाही, एवढे तरी साऱ्या गावाला एकाच वेळी कळेल. आणि ज्यांचे नाही त्यांचे अर्ज त्याच सभेत लिहून घेता येतील.